सल्ला हवा : डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस आणि गहू

रानजाई :
धाकट्या भावाला कोपरं, गुडघे आणि कुल्ल्यांवर दोन्हीकडे सारख्याच बारीक पाणीदार पुळ्या येतात. खाज एवढी की पुळी नीट दिसायच्या आत फुटते, उरतात नुसत्या खपल्या. आधी खरूज म्हणून औषध झालं, मग एक्झिमा म्हणून. आता नव्या डॉक्टरांना डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसची शंका आहे, पुढच्या आठवड्यात बायॉप्सी. आई म्हणते, आजपासूनच पोळी बंद. पण त्याच्या पोटाची काहीच तक्रार नाही, मग गव्हाचा कातडीशी काय संबंध? आणि घरात काय काय बदलावं लागेल?

सातमाळा :
पोळी आत्ता अजिबात बंद करू नका! ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, थांबलं की रक्तातल्या अँटीबॉडी उतरतात आणि निदान हुकू शकतं. बायॉप्सीचा एक तुकडा पुळीशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत साचलेल्या अँटीबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी) घ्यावा लागतो. तो घेणार आहेत ना, हे आधीच विचारा. आणि हा हर्पिस नव्हे, घरात कोणाला लागत नाही.

पैलतीर :
संबंध आतड्यातून आहे. ग्लुटेन पुरतं पचत नाही. त्याचे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात आणि तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज २ हे एन्झाइम त्यांची रचना किंचित बदलतं. ज्यांच्याकडे एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुकीय प्रकार आहेत, त्यांच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) या बदललेल्या तुकड्यांवर तुटून पडतात आणि मग त्या एन्झाइमविरुद्धच आयजीए अँटीबॉडी तयार होतात. काहींमध्ये हा रोख पुढे ट्रान्सग्लुटामिनेज ३ कडे वळतो, असं मानलं जातं. हे एन्झाइम त्वचेतलं. या आजारात तेच लक्ष्य असल्याचं २००२ मध्ये दाखवलं गेलं. आयजीए त्वचेच्या वरच्या थरालगत कणाकणांनी साचतं, तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्यांच्या माऱ्याने थर सुटून पुळी उठते. पोट गप्प असलं तरी बहुतेकांच्या आतड्यात सीलिअॅकसारखे (ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर बिघडवणारा आजार) बदल सापडतात. म्हणून नुसत्या मलमावर हे भागत नाही.

रानजाई :
डॉक्टर डॅप्सोन नावाच्या गोळीबद्दल बोलत होते. ते घेतलं तर पथ्य टळेल का?

पैलतीर :
नाही. डॅप्सोनने खाज काही दिवसांत कमी होते आणि त्या माणसाला झोप लागते, ही फार मोठी गोष्ट आहे. पण आतड्यावर त्याचा काही उपयोग नाही. सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी झालीच पाहिजे, ते कमी असेल तर तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. पथ्याचा परिणाम त्वचेवर दिसायला महिने लागतात, कधी दोन वर्षंही. तोवर गोळी डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची.

मोहोर :
आमच्या घरी ह्यांना हाच आजार आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी सगळं चालतं, भाकरीची सवय असेल तर निम्मं काम झालं. खपली गहू मात्र चालत नाही, तोही गहूच. जव आणि सातूचं पीठही नको. खरी अडचण गिरणीची. गव्हाच्या दळणानंतर ज्वारी टाकली की चक्कीतलं उरलेलं पीठ तिच्यात येतं. आम्ही शेवटी घरघंटी घेतली, आणि तिच्यात गहू कधीच घालत नाही. दुसरं, हिंग. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे रोजच्या आमटीतून तो पोटात जातो. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. विकतच्या थालीपीठ भाजणीत गहू असतो, ती घरीच करा.

रानजाई :
हिंगाचं डोक्यातच आलं नसतं. आईला धागा वाचून दाखवला, बायॉप्सीपर्यंत पोळी चालू राहील. नाशिककडे तांदळाच्या पिठातला हिंग कुठे मिळतो, कोणाला माहीत आहे का?