लांब केस दुसऱ्याच दिवशी तेलकट, टोकं मात्र कोरडी: धुवायचं कसं?

वेणी_कमरेपर्यंत (निपाणी)

केस कमरेपर्यंत, पोत बारीक. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांगाजवळ तेल दिसायला लागतं, तिसऱ्या दिवशी केस डोक्याला चिप्प बसतात. खांद्याखालचे मात्र काथ्यासारखे.

सध्या काय चाललंय ते सांगते. एक दिवसाआड 'तेलकट केसांसाठी' लिहिलेला शाम्पू, तळहातावर घेऊन थेट, दोनदा. आदल्या रात्री मुळांना खोबरेल. पाणी बोअरचं, बंबात तापवलेलं, चांगलं कडक. काम तंबाखूच्या वखारीत, त्यामुळं धूळ असतेच. घरात म्हणतात की महिनाभर शाम्पू सोड, डोक्याला सवय लागेल आणि तेल आपोआप कमी येईल. खरं का हे? शिकेकाई धरू का? केस कापायचे नाहीत, एवढं सोडून काहीही सांगा.

न्हाणीघर

अक्का, आधी तो सवयीचा विषय मिटवूया. तेल टाळूतल्या ग्रंथींतनं येतं आणि किती यायचं ते मुख्यतः हार्मोन ठरवतात. केस धुतले की नाही, हे ग्रंथीला कळत नाही. महिनाभर थांबलात तर तेल कमी होणार नाही, साठेल. वर खाज, आणि कोंड्याचा कल असेल तर तोही वाढेल.

दुसरं असं की केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेजवळचं टोक पाच-सहा वर्षांचं झालंय आणि टाळूतलं तेल तिथवर पोचतच नाही. शाम्पू टाळूचा, कंडिशनर खांद्याखालचा, ही वाटणी एकदा पक्की केली की निम्मं काम झालं.

आदल्या रात्रीचं मुळांचं तेल बंद करा. ते काढायला कडक शाम्पू दोनदा लागतो, आणि तोच टोकांना खातो. त्याऐवजी धुण्याआधी तासभर एक ते दीड लहान चमचा खोबरेल फक्त खांद्याखाली चोळा. खोबरेल केसाच्या आत थोडं मुरतं, त्यामुळं धुताना केस कमी फुगतो, कमी झिजतो. मग कोरड्या केसांतच मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडनं वर वर नेत गुंता सोडवा. ओला केस ताणला की लगेच तुटतो.

शाम्पू पातळ करून घ्या: दोन लहान चमचे, म्हणजे १० मिली, १०० मिली कोमट पाण्यात. निमुळत्या तोंडाची सॉसची बाटली त्यासाठी छान. त्या दिवशीचं त्या दिवशी संपवायचं. पाणी घातलं की शाम्पूतलं प्रिझर्वेटिव्हही पातळ होतं, बाटली भरून ठेवली तर खराब होते.

केस पूर्ण दोन मिनिटं भिजू द्या. बारीक केस वरनं ओले दिसतात आणि आत टाळू कोरडी असते. चार भाग पाडून बाटलीचं तोंड टाळूला टेकवत निम्मं पाणी सोडा, बोटांच्या पेरांनी चोळा, नखं नकोत. कानामागची जागा आणि मानेवरची केसांची कड हमखास राहते, तिथं मुद्दाम जा. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घोळायचे नाहीत. फेस खाली ओघळतो, टोकांना तेवढा पुरतो. एकदा धुवून उरलेल्या निम्म्यानं परत. पहिल्या वेळी फेस होणार नाही, तेल त्याला मारतं. म्हणून लगेच जास्त शाम्पू ओतू नका.

मग धुवून काढणं, आणि बहुतेकजणी घाई करतात ती इथंच. तांब्यानं न्हात असाल तर दीड बादली तरी लागते. आधी वाकून, मग सरळ बसून. नुसतं वाकून धुतलं तर मानेकडचं निघतं आणि भांगातलं राहतं. कंडिशनर मोठा चमचाभर, केस हलके पिळून, खांद्याखाली, दोन-तीन मिनिटं.

पाणी कोमट ठेवा. कडक पाण्यानं तेल जास्त निघतं खरं, पण टाळू लाल होते आणि टोकांचं उरलंसुरलंही जातं. बाटलीवर पाण्यानंतर पहिलंच नाव सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर ती बदला. लॉरेथ सल्फेट आणि जोडीला कोकामिडोप्रोपिल बेटेन असलेला बराच सौम्य असतो. 'सिल्की', 'स्मूथ' लिहिलेल्यांत बहुधा डायमेथिकोन, म्हणजे केसावर थर धरणारं सिलिकोन असतं. बारीक केसाला ते जड होतं आणि तेलकटच वाटतं.

जांभा_खडक (खानापूर)

वरचं सगळं बरोबर, पण पाण्याचं राहिलं. आमच्याकडं जांभ्यातल्या विहिरींचं पाणी हलकं, तुमच्याकडं काळ्या मातीखालच्या बोअरचं बहुतेक जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. बंबात आतनं पांढरा थर धरतो का बघा. आणखी एक परीक्षा: दोन सारख्या बाटल्यांत एकीत बोअरचं, दुसरीत फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा, अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा दोन्हींत टाकून जोरात हलवा. जड पाण्यात फेस धरत नाही आणि वर दह्यासारखे कण तरंगतात.

साबणानं केस धुतले तर तेच कण केसाला चिकटतात. केस वाळल्यावरही मेणचट लागतात आणि वाटतं की तेलच आहे. बाजारात शिकेकाईचं नाव लावून ज्या वड्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशा शेवटी साबणच असतात. तो प्रकार बोअरच्या पाण्यात नकोच. शाम्पूचा साका असा धरत नाही, पण जड पाण्यातले क्षार केसावर बसतात आणि केस खरखरीत होतो.

ओळखायचं कसं? धुतलेल्या दिवशीच, वाळल्यावर चिकट वाटलं तर केसावर काहीतरी राहिलंय. पहिला दिवस मोकळे आणि दुसऱ्या दिवसापासनं चिकट, तर ते टाळूचं तेल. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, टोकांची खरखर मात्र पाण्यामुळंही असेल.

उपाय सोपा. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्यानं होऊ द्या, शेवटचे दोन लिटर तेवढे हलके घ्या: फिल्टरचं, नाहीतर पावसाळ्यात पन्हाळीखालचं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, कौलांवरची घाण त्यात उतरते. पाणी उकळून गार केलं तर जडपणाचा काही भाग तळाशी बसतो, सगळा नाही. तुरटीनं फक्त गढूळपणा जातो.

अथणीची_सूनबाई

शिकेकाईबद्दल. साबण नव्हे, खऱ्या शेंगा.

कमरेपर्यंतच्या केसांना शेंगांची जाडसर भरड तीन मोठे चमचे, बिया काढलेले पाच-सहा रिठे, दोन-तीन वाळलेले आवळकाठीचे तुकडे, पाऊण लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं, गार करून कुस्करायचं आणि मलमलीच्या फडक्यातनं दोनदा गाळायचं. गाळण्यात आळस केला की बारीक कण भांगात बसतात, खाजवतात, आणि 'शिकेकाईनं कोंडा झाला' अशी तक्रार येते. भुकटी थेट डोक्यावर चोळणं तर नकोच. हे पाणी टाळूवर ओतून पाच मिनिटं चोळायचं, डोळे घट्ट मिटून. रिठा डोळ्यात गेला तर बराच वेळ चुरचुरतो. उरलेलं फ्रिजमध्ये दोन दिवस, पुढं आंबतं.

मुळांना तेल चोपडलेलं असेल तर ते शिकेकाईनं धड निघत नाही. तेल न लावलेल्या डोक्याला आठवड्यातनं एकदा ठीक, बाकी दिवशी शाम्पू. रिठे वाढवू नका, टोकं आणखी कोरडी पडतील. मेथी घालतात पुष्कळजणी; तिचा बुळबुळीतपणा बारीक केसावर राहतो, तुमच्यासाठी वगळा.

वेणी_कमरेपर्यंत

बंबात पांढरा थर आहे, चांगला जाड. दोन शंका. खायचा सोडा आणि लिंबू चालतं का? आणि घरी वार पाळतात: सोमवारी, गुरुवारी, शनिवारी डोक्यावरनं पाणी नाही. मग बसवायचं कसं?

न्हाणीघर

सोडा नको. तो अल्कली, केसाचे वरचे खवले उघडे पडतात, गुंता वाढतो. लिंबाचा रस थेट टाळूला लावून उन्हात केस वाळवत बसलात तर कातडीवर काळे डाग पडू शकतात. आंबटच हवं असेल तर एक मोठा चमचा व्हिनेगर त्या शेवटच्या हलक्या पाण्यातल्या एका लिटरात, तेही पंधरवड्यातनं एकदा.

वारांचं सोपं आहे: मंगळवार, शुक्रवार, रविवार. मंगळवार ते शुक्रवार तेवढा लांबतो. गुरुवारी भांग चिकट झाला तर कॉर्नफ्लॉवर अर्धा लहान चमचा, पावडरच्या पफनं फक्त मुळांशी थोपटून दहा मिनिटांनी विंचरून काढा. पाण्याचा थेंब नाही, त्यामुळं घरात कुणी बोलायचंही नाही. वखारीत केसांना घट्ट सुती रुमाल बांधा, कानावरनं. तेलकट केसावर तंबाखूची धूळ बसली की दोन्ही मिळून लेप होतो. फणी-कंगवे आठवड्यातनं एकदा शाम्पूच्या पाण्यात घाला, नाहीतर त्यांतलं जुनं तेल परत डोक्यावर. उशीचा अभ्राही न्हायच्या दिवशी बदला.

तीन दिवसांनी धुताना हातात जास्त केस आले तर घाबरू नका. रोज पन्नास ते शंभर गळतातच, मधल्या दिवसांचे वेणीत अडकून असतात.

अथणीची_सूनबाई

पावसाळ्याचं कुणी सांगितलं नाही. पंचानं टिपायचे, झटकायचे नाहीत. ओल्या केसांची वेणी घालून बाहेर पडलं की संध्याकाळी कुबट वास येतो. पंख्याखाली मुळं तरी कोरडी होऊ द्या; ड्रायर असेल तर मंद, वीतभर लांबनं, फक्त टाळूवर. टोकं आपली आपण वाळतात.

आणि टाळूवर पिवळट, तेलकट पापुद्रे, भुवया किंवा नाकाच्या कडेलाही तसंच असेल तर धुण्याची पद्धत बदलून ते जाणार नाही. केटोकोनाझोल २ टक्केवाला शाम्पू, आठवड्यातनं दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे. फरक नाही पडला तर कातडीच्या डॉक्टरांकडं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही त्यांना सांगा; हार्मोन बिघडले तरी तेल वाढतं.