पुढची गाडी डिझेल घ्यावी की पेट्रोल? (कोथरूड–पाटण, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमची २०१२ ची डिझेल स्विफ्ट येत्या मार्चमध्ये पंधरा वर्षांची होईल. एक लाख बासष्ट हजार किलोमीटर झालेत. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण क्लच दुसऱ्यांदा आलाय, सस्पेन्शन वाजतंय आणि डाव्या दाराखालचा पत्रा गंजलाय. आरटीओत पासिंग करून घेतलं की आणखी पाच वर्षं चालवता येईल, हे माहीत आहे. पण याच गाडीतून आईला आणायचं-न्यायचं असतं आणि ती वाटेत बंद पडली तर, हा विचार आता प्रत्येक फेरीला मनात येतो. त्यामुळे नवी घ्यायचीच, एवढं घरात ठरलं आहे. इंधनावर मात्र आमचं एकमत होत नाहीये.

आधी वापर सांगते, कारण सगळा पेच तिथेच आहे. आई पाटणला एकटी असते. महिन्यातून दोनदा मी जाते, एका बाजूने साधारण पावणेदोनशे किलोमीटर. म्हणजे महिन्याला सातशे तिथेच झाले. ऑफिस खराडीला, पण आठवड्यातून दोनच दिवस. ते तीनशेच्या आसपास. उरलेलं सगळं कोथरूडातल्या कोथरूडात: मुलीचा क्लास, भाजी, दवाखाना. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, पण रोजच्या, आणि इंजिन गरम व्हायच्या आत संपणाऱ्या. सगळं मिळून वर्षाला साडेतेरा-चौदा हजार किलोमीटर.

२०१२ मध्ये विचारच करावा लागला नव्हता. पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस रुपयांच्या घरात फरक होता, आणि फियाटचं ते १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन तेव्हाच्या कितीतरी डिझेल गाड्यांत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं. म्हणजे तीच गाडी पुन्हा घ्यावी म्हटलं तरी सोय नाही. चार मीटरच्या आतल्या डिझेल गाड्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात. आम्ही व्हेन्यू, सोनेट, नेक्सॉन आणि थ्रीएक्सओ पाहिल्या.

पैशांचा हिशेब मी असा मांडला. पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं. पेट्रोल गाडी शहर-हायवे मिळून लिटरला १४ देईल आणि डिझेल १९, असं धरलं (कंपनीचे आकडे यापेक्षा बरेच वर आहेत, पण मायलेज प्रमाणित करणाऱ्या एआरएआय संस्थेची चाचणी प्रयोगशाळेत होते, कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता नाही). किलोमीटरला अडीच रुपयांहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोलला सारखाच १८ टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात रोड टॅक्स मात्र डिझेलला दोन टक्के जास्त. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये ऑन-रोड फरक एक लाख साठ हजारांचा आहे. वरचा सर्व्हिसिंगचा खर्च धरला तरी पाच वर्षांत तो वसूल होतो, आणि आम्ही गाडी दहा-बारा वर्षं वापरणारी माणसं आहोत. आकडे डिझेलच्याच बाजूने आहेत.

मग अडलंय कुठे? डीपीएफपाशी, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरपाशी.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी तीन वर्षांपूर्वी बीएस ६ डिझेल घेतली. वापर बहुतेक शहरातलाच. गेल्या पावसाळ्यात नळस्टॉपच्या सिग्नलला डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागला. त्यांनी दोन दिवस तशीच चालवली, मग गाडीने पिकअपच सोडला. वर्कशॉपमध्ये सांगितलं, हायवेला नेऊन अर्धा-पाऊण तास एका वेगात चालवा. त्यांना एकट्याने जायची धास्ती वाटत होती म्हणून रविवारी सकाळी मी बरोबर गेले. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत आणि परत, चौथ्या गिअरमध्ये, आरपीएमचा काटा दोन हजारांच्या वर ठेवून. परतताना कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे दिवा गेला. काका एकदम हसले, पण पुढे म्हणाले ते माझ्या डोक्यात बसलंय: "दर महिन्याला कोण येणार माझ्याबरोबर?"

त्यानंतर मी याबद्दल बरंच वाचलं. धुरातली काजळी या फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. छोट्या फेऱ्यांत ते गाठलंच जात नाही. गाडी जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवायचा प्रयत्न करते, तेवढ्यात आपण घरी पोहोचून इंजिन बंद करतो. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. काकांच्या गाडीची डिपस्टिक मी स्वतः पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं होतं आणि बोटावर घेतल्यावर पाण्यासारखं पातळ लागत होतं.

माझं म्हणणं असं की मी महिन्यातून दोनदा पाटणला जातेच, त्यात फिल्टर साफ व्हायला हवा. पण मधले चौदा दिवस शहरातले आहेत. तेवढं चालतं का? अनुभव असलेल्यांचं उत्तर मला यावरच हवंय.

पेट्रोल घे, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. त्याचं म्हणणं मला पटतही, पण मला साताऱ्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट दिसतो. आजवर जाताना घाटच चढावा लागायचा, बोगदा फक्त परतीला होता. गाडीत आम्ही चौघं, मागे सामान, एसी चालू आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर. जुनी स्विफ्ट तिसऱ्या गिअरमध्ये एकदा दोन हजारांवर आली की न कुरकुरता चढते. मैत्रिणीच्या साध्या १२०० सीसी पेट्रोलमध्ये त्याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत होतं आणि आई दाराचं हँडल धरून बसली होती. टर्बो पेट्रोल चढेल, पण मग १४ चं मायलेज राहील का? शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नव्या गाड्या ई२० साठीच बनवल्यात, त्यामुळे बिघाडाची काळजी नाही. काळजी आहे ती माझ्या वरच्या हिशेबाची.

सीएनजी नको, कारण आईची चाकाची खुर्ची आणि गावाकडचं तांदळाचं पोतं डिकीतच जातं. इलेक्ट्रिकचा विचार मनापासून केला होता. सोसायटीत चार्जरची परवानगी अजून मिळालेली नाही, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवलाय.

तर माझ्यासारखा मिश्र वापर असलेल्या बीएस ६ डिझेलवाल्यांनी सांगा: डीपीएफचा दिवा किती वेळा लागला, आणि मधल्या दिवसांत तुम्ही मुद्दाम गाडी बाहेर काढता का? डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) भरायला किती हजार किलोमीटरला लागतं? टर्बो पेट्रोलवाल्यांनी टाकी ते टाकी मोजलेलं सातारा किंवा कोल्हापूर फेरीचं मायलेज द्यावं, गाडीत किती माणसं होती त्यासकट. स्क्रीनवर दिसणारं सरासरी नको.

आणखी एक. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट रस्त्यावरची पंधरा मिनिटं. घाटापर्यंत गाडी द्यायला कोणी तयार नाही. कोथरूड, वारजे, बावधन भागात कुणाकडे टर्बो पेट्रोल असेल आणि एखाद्या रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटातून मला शेजारी बसवून नेता आलं, तर फार मदत होईल. आईलाही आणेन, मागच्या सीटवर तिला कसं वाटतं ते बघायचंय. पेट्रोल मी भरेन.