मदत हवी आहे: घरमालक अ‍ॅग्रीमेंटच करत नाही

आम्ही तिघं सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात रूम घेऊन राहतोय, डिपॉझिट १५ हजार रोख दिलं, पावती मागितली तर मालक म्हणतात "विश्वास नाही का रे पोरांनो". अ‍ॅग्रीमेंटचं विचारलं की पुढच्या आठवड्यात, असे पाच महिने झाले. बाथरूममधल्या बोर्डातून ठिणग्या उडतात, चप्पल घालून बटण दाबतो, त्यात इथं पाणी चार-पाच दिवसांनी आणि टाकीला तडा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच बादल्या रिकाम्या. जास्त बोललं की "मग खाली करा". १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाचीच आहे असं वाचलं, पण परीक्षा तोंडावर असताना भांडायचं कसं? नोटीस स्वतः लिहून स्पीड पोस्टानं पाठवली तर चालते का, की वकीलच लागतो? कोणी केलंय का असं?