पाच पौंडांचा बास गप्प आला आणि दीड पौंडाच्याने मनगट दुखवलं, हे कसं?

टूलरूमवाले_काका (सहकारनगर)

मंडळी, नमस्कार. प्रश्न बास नावाच्या अमेरिकेतल्या माशाचा आहे, पण घरात त्यावरून सासरे-जावई सामना लागलाय. निकाल हवा आहे.

मी गळ टाकायला शिकलो ते मुठेच्या काठी आणि पुढे खडकवासल्याच्या मागच्या अंगाला, जेव्हा तिथं कोणी हटकायचं नाही. वेळूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा, कणकेची गोळी, एवढंच सामान. रीळ पहिल्यांदा हातात आलं ते गेल्या वर्षी, एकसष्टाव्या वर्षी, लेकीकडे टेक्सासला गेलो तेव्हा. डलासच्या उत्तरेला राहतात ते. तिकडे गळ टाकायला सरकारी लायसन लागतं. जावयानं ते फोनवरच काढून दिलं, मला आधी वाटलं चेष्टा करतोय.

पहिला मासा एप्रिलात मिळाला. त्यांच्या वसाहतीमागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, आपल्या पाषाण तलावाचा कोपराही भरणार नाही एवढं. नातवाचा सहा फुटी रॉड, अगदी काडी, त्यावर ६ पौंडी तंगूस (म्हणजे ६ पौंडांच्या वर ओढ बसली की तुटणारी दोरी). रबराचं गांडूळ टाकलं. ते तळाला बसलं, कोणीतरी दोनदा टिचकी मारल्यासारखं जाणवलं आणि मी ओढलं. रॉडचं टोक पाण्याला टेकलं, रीळ किर्रर्र करत सुटलं, मासा दोनदा अख्खा पाण्याबाहेर आला आणि हवेत डोकं असं झटकत होता जसं काही कानात पाणी गेलंय. काठावर घेतला तर १४ इंच. दीड पौंड, म्हणजे आपले सातशे ग्रॅम धरा. मंडईत याला कोणी मासा म्हणणार नाही, पिल्लू म्हणतील. संध्याकाळी चहाचा कप डाव्या हातानं धरला.

दुसरा जूनच्या शेवटी. लेक फोर्क नावाचं मोठं धरण आहे, डलासच्या पूर्वेला दीड-दोन तासांवर. मोठ्या बासांसाठी नावाजलेलं; टेक्सासचा विक्रमी बास, १८ पौंडांच्या वरचा, १९९२ साली तिथेच निघाला. बोट भाड्याची, जावयाचा सात फुटी जाडजूड रॉड, २० पौंडी दोरी. दुपारचे अडीच, डोक्यावर ऊन, पाण्यात हात घातला तर कोमट. लागला. वजन आलं. बस, वजनच आलं. विहिरीतून भिजलेली गोणी ओढावी तसा तो येत राहिला. बोटीजवळ एकदा वर येऊन तोंड वासलं, आत सगळं पांढरं, माझी मूठ सहज मावेल एवढं. मान दोनदा हलवली आणि आडवा झाला. २१ इंच, साडेपाच पौंड. तिथला नियम असा की १६ ते २४ इंचांमधला बास ठेवायचा नाही, म्हणून फोटो काढून सोडला. या माशाला खालच्या जबड्यात अंगठा घालून धरतात. दात पॉलिश पेपरसारखे, अंगठ्याची कातडी दोन दिवस खरखरीत होती. पण मनगटाला काही नाही. चहा उजव्या हातानंच.

आता जावई म्हणतो, "बाबा, मोठा मासा म्हणजे जास्त ताकद, यात विचारायचं काय?" मी म्हणतो, चौतीस वर्षं टूलरूममध्ये याच हातानं नट किती आवळला ते टॉर्क रेंच न लावता सांगत आलो. हात एकदम खोटं कसं बोलेल?

जाणकारांनी सांगावं. लहान बास खरंच जास्त झुंजतो का?

कोथरूडचा_गळ

काका, आधी महत्त्वाचं: पुढचं तिकीट जावई काढणार असेल तर जावई बरोबर आहे.

बाकी हा अनुभव इथलाच. उजनीत पाव किलोची चिलापी अशी थरथरते की वाटावं खिशात मोबाइल वाजतोय. आणि सहा किलोचा कटला लागला की आधी वाटतं, गळ बुडालेल्या बाभळीत अडकला. मग बाभूळ चालायला लागते.

पौडचे_मास्तर

काका, जावयाचं म्हणणं कागदावर खरं आहे. पण तुमचा हात ताकद मोजतच नव्हता, तो झटके मोजत होता. जरा सविस्तर सांगतो, शाळेत विज्ञान शिकवतो, सवय आहे.

१२ इंचांचा बास साधारण १ पौंडाचा असतो. २४ इंचांचा साधारण ८ पौंडांचा. लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट, कारण मासा लांबी, रुंदी, जाडी तिन्हीकडून वाढतो. ताकद मात्र स्नायूच्या आडव्या छेदावर ठरते. दोर किती वजन पेलणार हे त्याच्या जाडीवर असतं, लांबीवर नाही, तसं. छेद वाढतो फक्त चौपट. म्हणजे ढोबळमानानं ८ पौंडी बास १ पौंडीच्या चौपट ओढणार, आठपट नाही. पौंडामागे हिशेब केला तर मोठा निम्माच. म्हणूनच लहान बास अख्खा हवेत उडी मारतो आणि मोठ्याचं निम्मं अंग जेमतेम वर येतं. तुमच्या दुसऱ्यानं नुसतं तोंड वासलं ते त्यामुळेच.

आता झटक्यांचं. लहान मासा सेकंदाला शेपटीचे जास्त फटके मारू शकतो, मोठ्याचा फटका जोरकस पण सावकाश. पीएमपीत उभे असता ना तुम्ही? ड्रायव्हरनं हळूहळू ब्रेक दाबला तर बस थांबली तरी कळत नाही. क्लच सोडताना एक हिसका दिला की शेजारच्याच्या अंगावर. ताकद कशात जास्त लागली ते सोडा, लक्षात राहतो हिसका.

तिसरी गोष्ट ते तोंड. तुम्ही धरलात तो लार्जमाउथ, याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच, पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे तो तोललेला असतो. मग गोणी कसली? तर तोंड उघडं ठेवून पाण्यातून ओढला की तो बादलीसारखा पाणी अडवतो. ते पाणी तुम्ही ओढत होतात. मासा त्या वेळी काहीच करत नसेल.

आणि झुंजच बघायची तर बास सोडा, आपला खडस (महसीर) बघा. वीसेक वर्षांपूर्वी मुळशीच्या मागच्या पाण्यात, एक ओढा येऊन मिळतो तिथं, माझ्या गळाला पहिला खडस लागला. किलोभरसुद्धा नव्हता. त्यानं उडी मारली नाही, डोकं झटकलं नाही, सरळ प्रवाहाच्या दिशेनं निघाला तो रिळावरची निम्मी दोरी घेऊनच थांबला. बोटानं रीळ दाबायला गेलो, बोट भाजलं. तो डाग अजून आहे, मुलं विचारतात. चातीसारखं अंग, वाहत्या पाण्यात जन्म काढलेला, त्याला पळायचं ठाऊक. बास झाडाझुडपात दबा धरून झडप घालणारा. त्याचा दम एका उडीपुरता. इंग्रज अधिकारी साइक्स यानं १८३९ मध्ये या खडसाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. शास्त्रीय नावातलं 'खुद्री' तेव्हाचंच. आज संगम पुलावर उभं राहून कोणाला सांगून बघा.

मिशिगनवाली_पुणेकर

माहेर सदाशिव पेठ, त्यामुळे मत असणारच. मास्तरांचं गणित बरोबर, पण काका, तुम्ही तुलना दोन माशांची केलीच नाहीत. एप्रिलच्या माशाची जूनच्या माशाशी केलीत.

वसंतात बासांची वीण असते. नर तळाशी घरटं करतो आणि मादी अंडी घालून गेली की अंड्यांवर, पुढे पिल्लांवर तोच पहारा देतो. नर आकारानं लहान राहतात, मोठे बास बहुतेक माद्याच. तुमचा १४ इंची एप्रिलमध्ये, उथळ तळ्यात तळाशी पडलेल्या गांडुळावर आला. माझा अंदाज, तो पहारेकरी होता. त्याला भूक नव्हती, राग होता.

जूनमधली ती बाई म्हणजे विणीतून उठलेली, त्यात कोमट पाणी. माशाचं रक्त थंड, पाणी जितकं उबदार तितका त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. १५ अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. हिसका देणारा पांढरा स्नायू प्राणवायूशिवाय चालतो खरा, पण क्षणभरच, नंतर सगळं कर्ज फेडायला प्राणवायूच लागतो. म्हणून उन्हाळ्यात झुंज लांबवू नये, सोडायचा मासा फोटोसाठी हवेत लटकवत ठेवू नये. (काका, फोटो किती काढलेत?)

आणि पुढच्या खेपेला इकडे या. आमच्या सेंट क्लेअर सरोवरात स्मॉलमाउथ बास मिळतो. तोंड लहान, अंग गोटीबंद, थंड पाण्यात दगडांवर राहणारा. विक्रम बघितलेत तर तो लार्जमाउथच्या निम्म्याच्या आसपास: लार्जमाउथचा २२ पौंड ४ औंस, १९३२ साली जॉर्जियात (२००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली), आणि स्मॉलमाउथचा ११ पौंड १५ औंस, १९५५ सालचा. पण तीन पौंडी स्मॉलमाउथ लागला ना, की तुमचा तो साडेपाच पौंडी विसराल. माझा नवरा, जो मासेच खात नाही, तोही नेट घेऊन ओरडत पळत येतो.

कात्रजचा_बंड्या

एवढी पानं लिहिली सगळ्यांनी, मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. काका, दोन्ही रिळांचा ड्रॅग किती होता?

नवीन लोकांसाठी: ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. रिळात चकत्या असतात, स्क्रू आवळला की घट्ट. लावलेल्या ड्रॅगपेक्षा जास्त जोर लागला की दोरी घसरून सुटते, तुटत नाही. साधारण दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवतात. म्हणजे ६ पौंडीला दीड-दोन पौंड, २० पौंडीला पाच-सहा. काडीवर सातशे ग्रॅमचा मासा राजा. सात फुटी सोट्यावर साडेपाच पौंडी म्हणजे हत्तीच्या साखळीला बांधलेलं कोकरू. टॉर्क रेंचची गोष्ट सांगता आणि ड्रॅग मोजला नाही?

टूलरूमवाले_काका (सहकारनगर)

बंड्या, वर्मावर बोट ठेवलंस. रात्रभर झोप नाही.

काल सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री, व्हिडिओ कॉल लावला. जावयाला म्हटलं, रॉड काढ. म्हणाला, बाबा उद्या ऑफिस आहे. म्हटलं, काढ. बॅगा तोलायचा डिजिटल काटा असतो ना, तो दोरीच्या टोकाला बांधला. नातवानं रॉड धरला आणि जावयानं काटा हातात घेऊन हॉलमधून स्वयंपाकघराकडे चालायचं, दोरी सुटायला लागेल तेव्हाचा आकडा मोठ्यानं वाचायचा. लेक मागून म्हणतेय, सोफ्याला गळ लागला तर बघा.

काडी रॉड: ७०० ग्रॅमला सुटली. तीनदा घेतलं, दोनदा ७००, एकदा ७२०. तो जाड रॉड: ३ किलो १००. जूनपासून त्याला कोणी हात लावलेला नाही, जावयाला चार-चारदा विचारून घेतलं.

म्हणजे पहिला मासा सातशे ग्रॅमचा आणि ड्रॅगही सातशे. बरोबरीचा सामना. दुसरा अडीच किलोचा, आणि त्याला तीन किलोच्या वर जोर लावल्याशिवाय इंचभर दोरी मिळणार नव्हती. दोन वेगळ्या गेजनं दोन जॉब मोजले आणि वर तुलना केली. शिकाऊ पोरानं हे केलं असतं तर मी त्याला बाहेर उभा केला असता.

जावई काय म्हणाला? काही नाही. आकडा वाचून हसला. ते मला जास्त लागलं.

तेव्हा ठरलंय असं: मार्चमध्ये पुन्हा जातोय. फोर्कला, पण नातवाची काडी घेऊन. मिशिगनवाली ताई, पाणी थंड असेल, हंगामही बरोबर, आता तक्रार नको. (फोटो चार काढले होते. पाचवा काढणार नाही.) जावई म्हणतो दोरी तुटणार. तुटली तर बोटीचं भाडं माझं. बंड्या, काडीच्या रिळावर १०० यार्ड दोरी आहे. पाच पौंडाच्या वरचा लागला तर पुरेल का?

कात्रजचा_बंड्या

१०० यार्डांचं काय करायचंय, बास म्हणजे मास्तरांचा खडस नव्हे. तो लांब पळतच नाही. पण फोर्कमध्ये पाण्यात वठलेली झाडं उभी आहेत, पहिल्या दोन सेकंदांत त्यातल्या एकात शिरेल आणि ६ पौंडी दोरीला एक वळसा पुरे. मोकळं पाणी बघून टाका. भाड्याचे पैसे तरी बाजूला काढून ठेवा.