मदत हवी आहे: हामामात्सूचा जुना किता प्रभाग कसा विभागायचा?

जपानच्या शिझुओका प्रांताचा मराठी नकाशा करतेय. 23 शहरं आणि 12 नगरं, अशा 35 पालिका नीट बसल्या. नगराला तिथे सगळीकडे ‘चो’ म्हणतात, फक्त मोरी तेवढं ‘माची’. तेही जपून तसंच ठेवलंय.

अडलंय हामामात्सू शहरात. 1 जानेवारी 2024 पासून तिथल्या 7 प्रभागांचे (जपानीत ‘कु’) 3 झाले: चुओ, हामाना, तेनर्यू. माझ्याकडची लोकसंख्या मात्र 2020 च्या जनगणनेची, जुन्या प्रभागांप्रमाणे. नाका, हिगाशी, निशी, मिनामी चुओत गेले, हामाकिता हामानात, तेनर्यू होता तसाच. फुटला तो किता: दक्षिणेचा, मिकाताहाराकडचा भाग चुओत, बाकीचा हामानात.

क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करून पाहिली. पण कितात उत्तरेला डोंगर आणि दाट वस्ती दक्षिणेच्या पठारावर, त्यामुळे चुओचा आकडा फारच कमी येतो. असा नकाशा मला द्यायचा नाही.

क्यूजीआयएस (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरते. जपानीतली काना (उच्चारानुसारची अक्षरं) वाचता येते, कांजी (चिनी मुळाची चिन्हं) जेमतेम. विकतची माहिती परवडणार नाही.

कितातल्या नेमक्या कोणत्या वस्त्या चुओत गेल्या याची यादी कुठे मिळेल? आणि 2020 ची लोकसंख्या वस्तीवार मिळवून त्या यादीशी कशी जोडायची?