गरम पाण्याची वॉशर टाकी गळतेय, जुनी गाडी – मदत हवी आहे

मंडळी, जुन्या गाड्यांवर ज्यांचा हात बसलाय त्यांनी जरा लक्ष घाला. माझ्या गाडीला काच धुवायच्या पाण्याची टाकी साधी नाहीये, गरम होणारी आहे, म्हणजे हीटरकडे जाणाऱ्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) पाईपला एक फाटा काढलाय तो टाकीत येतो, आत कॉईल आहे, तिच्यातून गरम कूलंट फिरून परत जातं आणि भोवतीचं पाणी तापतं. कडाक्याच्या थंडीत काचेवर चिकटलेली घाण या पाण्याने झटक्यात निघते, त्यामुळे ही सोय कायमची बंद करायची माझी अजिबात तयारी नाही.

तर टाकी भरून ठेवली की सकाळपर्यंत निम्मी होते आणि तिथेच थांबते. ज्याला विचारावं तो म्हणतो खाली पंप ज्या रबरी ग्रॉमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या रबरी कड्यात) दाबून बसवतात तो कडक झाला असेल, बदलून टाक. पण तिथून गळत असतं तर पाणी पार पंपाच्या पातळीपर्यंत उतरायला हवं ना? शिवाय पंपाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला होता तो कोरडा निघाला. मग हेडलाईट काढून टॉर्च मारून बघितलं, तर कॉईलचे नळ जिथून आत शिरतात त्या बाजूला, टाकीच्या जोडरेषेवर, केसाएवढी चीर आहे आणि तिच्याखाली पांढरट ओघळ वाळलेत. पाणी जिथे थांबतं बरोबर त्याच उंचीवर.

एवढंच असतं तर विचारलंही नसतं. पण कूलंटच्या बाटलीतली पातळीही हळूहळू खाली जातेय आणि वॉशर मारून वायपर फिरवला की काचेवर तेलकट फराटा राहतो. हीटर कोअर (गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) फुटला की असा थर काचेच्या आतल्या बाजूला धरतो, इथे आतून काच स्वच्छ आहे, पायाखालचं कार्पेट कोरडं आहे, फराटा फक्त बाहेरून. मला वाटतंय कॉईलच आतून गळतेय. पण मग टाकीतलं पाणी वाढायला हवं, ते तर कमी होतंय! का दोन्ही एकदमच चाललंय? आणि टाकी न काढता खात्री कशी करायची? या मॉडेलची नवीन टाकी मिळत नाही, जुन्या मिळतात त्यांचंही प्लॅस्टिक तितकंच जुनं, म्हणून आहे तीच वाचवायचीय. इपॉक्सी लावून बघितलं, वाळल्यावर पापुद्र्यासारखं निघून आलं.

प्रतिसाद १
दोन्ही एकदमच चाललंय. चिरेतून भराभर जातंय आणि कॉईलमधून थोडं थोडं येतंय, त्यामुळे येणारं तुम्हाला कळतच नाही. खात्री करायची तर टाकी पूर्ण रिकामी करा, साध्या पाण्याने खळबळून घ्या आणि रिकामीच ठेवून इंजिन चांगलं गरम होऊ द्या. तळाशी कूलंटच्या रंगाचे थेंब जमले की विषय संपला. आधी कॉईल बघा, चीर नंतर, कारण कॉईल फुटली तर काच सोडा, इंजिन तापून बसेल. आणि उलटंही होतं, इंजिन गार होताना आतला दाब उतरतो तेव्हा टाकीतलं साबणाचं पाणी कूलंटमध्ये ओढलं जाऊ शकतं. तोवर टाकीकडे येणारे दोन्ही होज काढून त्याच मापाचा जोडनळ टाकून एकमेकांना जोडून टाका, क्लिपा नीट आवळा, मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. सांडलेलं कूलंट पुसून घ्या, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे.

इपॉक्सी धरणारच नव्हतं. टाकीच्या बुडाशी बघा, बहुतेक पीई असं उठावदार अक्षरात असेल, पॉलिएथिलीनला कुठलंच नेहमीचं गोंद नीट चिकटत नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही, चीर थोडी खरवडून खाच करा आणि त्याच खुणेच्या प्लॅस्टिकची पट्टी सोल्डरिंग आयर्नने आत वितळवा. खूण पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर पट्टीही पीपीचीच, एकमेकांत मिसळत नाहीत. वॉशरच्या पाण्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे टाकी आधी धुवून कोरडी केल्याशिवाय गरम सोल्डरिंग आयर्न जवळ नेऊ नका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त कॉईल काढून बाहेरून एखादा विजेचा हीटर बसवायच्या फंदात पडू नका. जनरल मोटर्सने २०१० मध्ये सुमारे १५ लाख गाड्या अशाच विजेवर चालणाऱ्या वॉशर हीटरपायी आगीच्या धोक्याने परत बोलावल्या होत्या, आणि शेवटी तो भाग काढूनच टाकला.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचेही. रिकाम्या टाकीत हिरवे थेंब जमले, म्हणजे कॉईलच. होज जोडून टाकलेत, कूलंटची पातळी आता जागची हलत नाहीये. बुडाशी पीई आहे, चीर रविवारी वितळवून बघतो. कॉईल बाहेर काढली तर तांब्याची निघाली, वाकणापाशी हिरवट चट्टा आहे आणि तिथेच टाचणीएवढं भोक. रेडिएटरवाल्याकडून ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने भोक बुजवणं) करून घेतलं तर त्या पातळ नळीला झेपेल का, की तेवढा वाकच कापून नवीन नळी घालावी? कुणी केलं असेल तर सांगा.