मदत हवी आहे: नाशिकमध्ये घोड्यावरचं जंपिंग कुठे शिकता येईल?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला शो जंपिंग (घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारणं) शिकायचंय. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सला आपल्या टीमने ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घ्यायचा प्रकार) गोल्ड घेतलं तेव्हापासून घरात घोड्यांशिवाय दुसरा विषय नाही, आणि मलाही मनापासून वाटतं की तिने हे नीट शिकावं.

सध्या गंगापूर रोडच्या बाजूला एका ठिकाणी बेसिक रायडिंग चालू आहे, वॉक (साधी चाल) आणि ट्रॉट (दुडकी चाल) बऱ्यापैकी जमतं, कँटरला (त्याहून वेगाची दौड) अजून लगाम घट्ट ओढून धरते आणि घोडा मान वर करतो. तिथले सर म्हणतात महिन्याभरात उडी मारायला लावू, पण मला ते पटत नाहीये, कारण मी वाचलंय की आधी जमिनीवर ठेवलेल्या पोल्सवरून ट्रॉट, मग छोटे कॅव्हलेटी (जमिनीपासून थोडे वर ठेवलेले दांडे), सोबत टू-पॉईंट पोझिशन (खोगिरावरून थोडं उठून पुढे झुकणं) पक्की, म्हणजे उडीच्या वेळी तोल आयाळ धरून सांभाळायचा, लगामाला लटकायचं नाही, नाहीतर घोड्याच्या तोंडाला झटका बसतो आणि तो पुढच्या वेळी अडथळ्यासमोर थांबतो.

तर नाशिक, देवळाली, इगतपुरी या पट्ट्यात जंपिंगचा अनुभव असलेला कोच कुणाला माहीत आहे का? की सरळ मुंबईला महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये चौकशी करू? हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर कुठून घेतलंत तेही सांगा, हेल्मेट घालून बघूनच घ्यायचंय. घोडा विकत घ्यायचा विचार अजिबात नाही. ज्यांची मुलं शिकतायत त्यांनी प्लीज फीसुद्धा सांगा.